कुठल्या पानावर थांबलीस?

माझी भाची चौदा वर्षांची आहे. सुट्टीत तिने 'द हंगर गेम्स'चे तिन्ही भाग आठ दिवसांत वाचून संपवले आणि मला मेसेज केला, 'मावशी, असंच अजून काहीतरी सांग ना.' मला आभाळ ठेंगणं झालं. मी स्वतः फॅन्टसी वाचतच मोठी झाले. रात्री जागून बारा पुस्तकांची यादी केली. त्यात फिलिप पुलमनचं 'नॉर्दर्न लाइट्स' होतं, अर्सुला ल ग्विनचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' होतं, लोइस लोरीचं 'द गिव्हर' होतं, ऑर्वेलचं '१९८४'सुद्धा होतं. 'ही सगळी वाचलीच पाहिजेत' असं लिहून ती पाठवली आणि 'नॉर्दर्न लाइट्स'ची माझी स्वतःची प्रत तिला दिली. ती तिसऱ्या प्रकरणात थांबली. विचारलं तर म्हणाली, 'थोडं बोअर आहे.' त्याला तीन महिने झाले. आता पुस्तकांचा विषय निघाला की ती फोनमध्ये डोकं घालते. त्यात ताई, म्हणजे तिची आई, म्हणते, मुलंच मुलांना मारतात असली पुस्तकं देतेसच कशाला, आधीच पोरगी गप्प गप्प असते. माझं कुठे चुकलं? आणि ताईला काय सांगू?
– एक मावशी

प्रिय मावशी,

तुमची यादी मी दोनदा वाचली. पुस्तकं एकाहून एक आहेत, आणि त्यासाठी तुम्ही रात्र जागलात यातच भाचीवरचा जीव दिसतो. पण तिने मागितलं होतं 'असंच अजून काहीतरी', आणि तिचं 'असंच' म्हणजे नेमकं कसं, हे विचारायचं राहून गेलं. यादी झाली ती तुम्हाला चौदाव्या वर्षी आवडलेल्या पुस्तकांची.

तरीही तुमच्याकडे एक मोलाची माहिती आहे. ती कुठे थांबली हे तुम्हाला ठाऊक आहे. आवडलेल्या पुस्तकाबद्दल मुलं 'मस्त होतं' यापलीकडे फारसं बोलत नाहीत. अर्धवट सोडलेलं पान त्याहून कितीतरी जास्त सांगतं.

'नॉर्दर्न लाइट्स'ची सुरुवात आठवून बघा. नायिका लायरा जिथे जायला मनाई आहे त्या खोलीत शिरलेली, मद्यात विष कालवताना तिला दिसलेलं, मग कपाटात लपून ऐकलेल्या उत्तरेच्या गोष्टी. हे सगळं भराभर होतं. आणि तिसऱ्या प्रकरणात पुलमन थांबतात. लायरा राहते त्या जॉर्डन कॉलेजची छपरं, तळघरं, लायराच्या पोरापोरांतल्या लढाया, सगळं निवांत सांगत बसतात. तुमच्या-माझ्यासारख्यांचा जीव त्याच प्रकरणात गुंतलेला असतो. पण 'पुढे काय होणार' या एका प्रश्नावर आठ दिवस धावलेल्या मुलीला तिथे दम लागतो.

दुसरीही एक अडचण आहे, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. डीमन म्हणजे काय, हे पुलमन समजावून सांगत नाहीत. माणसाचा आत्मा प्राण्याच्या रूपात त्याच्या शेजारी वावरतो हे वाचणाऱ्याने आपलं आपण उमजून घ्यायचं. त्या जगात विजेला निराळा शब्द आहे, चॉकलेटला निराळा. आपल्यापैकी बहुतेक जण ही पुस्तकं इंग्रजीतून वाचतात. जी भाषा घरात बोलली जात नाही तिच्यात लेखकाने घडवलेला शब्द कोणता आणि आपल्याला न येणारा शब्द कोणता, हे कळायला मार्गच नसतो. मुलांना वाटतं, आपलंच इंग्रजी कच्चं आहे. आणि चौदा वर्षांची मुलगी 'मला कळलं नाही' असं मावशीला कधीच सांगणार नाही. ती 'बोअर आहे' म्हणेल.

आता 'हंगर गेम्स' शेजारी ठेवा. नायिका कॅटनिस स्वतः बोलते, तेही वर्तमानकाळात. तिला जेवढं कळतं तेवढंच आपल्याला कळतं. पहिलं प्रकरण संपतं तेच, मुलांनी एकमेकांना मारायच्या त्या खेळासाठी तिच्या धाकट्या बहिणीचं नाव पुकारलं जातं तिथे. सुझन कॉलिन्स कादंबऱ्यांच्या आधी मुलांच्या टीव्ही मालिका लिहीत असत आणि ते त्यांच्या बांधणीत दिसतं. तिन्ही पुस्तकांत प्रत्येकी २७ प्रकरणं, नऊ-नऊ प्रकरणांचे तीन भाग, आणि प्रकरण अशा जागी तोडलेलं की पुस्तक मिटवत नाही. तुमची भाची त्या वेगावरून थेट पुलमनच्या तिसऱ्या प्रकरणात आली. दोन्ही पुस्तकं चांगली आहेत. एकानंतर लगेच दुसरं, ही सांगड मात्र जमणारी नव्हती.

हे मी अधिकाराने सांगते आहे, कारण हीच चूक माझ्या हातून झाली आहे. मी बरीच वर्षं एका शाळेच्या ग्रंथालयात होते. तेरा वर्षांचा एक मुलगा 'द गिव्हर' परत करायला आला आणि म्हणाला, 'मॅडम, याची शेवटची पानं फाटलीयेत.' पानं शाबूत होती. लोरींनी शेवट मोकळा सोडलेला आहे. नायक जोनस आणि त्याच्या सोबतचं तान्हं मूल यांचं पुढे काय होतं ते आपण ठरवायचं. मी त्या मुलाला दहा मिनिटं समजावलं की असा शेवट किती सुंदर असतो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, आणि वर्षभर कुठल्याही कादंबरीला हात लावला नाही. लोरींनी त्या पुस्तकाला जोडून पुढे आणखी तीन पुस्तकं लिहिली, २०००, २००४ आणि २०१२ साली. त्यातल्या २००४च्या 'मेसेंजर'मध्ये त्याच्या प्रश्नाचं उत्तर आहे. ते पुस्तक माझ्या पाठीमागच्या फळीवरच होतं. त्याला फक्त ते दोघं जिवंत राहिले का एवढंच हवं होतं, आणि मी पुस्तकाची बाजू लढवत बसले. अजून सलतं मला ते.

तर आता भाचीचं 'असंच' शोधायचं. 'काय आवडलं?' असं विचारू नका, त्याला शाळेच्या निबंधाचा वास येतो. मी मुलांना विचारायची, 'कोण मरायला नको होतं?' याचं उत्तर मुलं विचार न करता देतात, आणि त्यात सगळं येतं.

समजा ती खेळातल्या छोट्या रूबद्दल बोलली, किंवा कॅटनिसची बहीण प्रिमबद्दल, किंवा कॅटनिसच्या एकटीने सगळं पेलण्याबद्दल. म्हणजे तिला माणसाचा आवाज हवा आहे, जवळून ऐकू येणारा. मग पॅट्रिक नेसचं 'द नाइफ ऑफ नेव्हर लेटिंग गो' द्या. तेही २००८चंच, 'हंगर गेम्स'चा पहिला भाग आला त्याच वर्षाचं. टॉडच्या गावात सगळ्यांचे विचार सगळ्यांना सतत ऐकू येतात, आणि तिथे एकही बाई नाही. एक दिवस त्याला एक शांत जागा सापडते आणि तिथून पळापळ सुरू होते ती शेवटच्या पानापर्यंत. दोन गोष्टी आधी सांगा. टॉडला धड लिहिता-वाचता येत नाही म्हणून काही स्पेलिंगं मुद्दाम चुकवलेली आहेत, तिला ती आपली चूक वाटायला नको. आणि टॉडसोबत एक कुत्रा आहे, त्याच्यावर जीव लावताना सांभाळून. पहिला भाग ऐन कड्यावर संपतो, म्हणून दुसराही जवळ ठेवा.

ती खेळाच्या नियमांबद्दल बोलली, कोण कसं जिंकलं असतं याची गणितं मांडायला लागली, तर नील शुस्टरमनचं 'साइद' (२०१६). तिथे माणसाने मृत्यूवर मात केली आहे. लोकसंख्या आवरायची म्हणून काही जणांना लोकांचे प्राण घेण्यासाठी नेमलेलं असतं. दोन किशोरवयीन मुलांना मनाविरुद्ध त्यांच्या हाताखाली शिकायला ठेवतात. प्रकरणांच्या मधे त्या नेमलेल्यांच्या डायरीतल्या नोंदी येतात. मुलं त्या वगळतात, मला त्याच सर्वांत प्रिय आहेत. तिला त्या वगळू द्या. याच लेखकाचं 'अनवाइंड' (२००७) मात्र मी या वयात आपणहून हातात ठेवत नाही. त्यात एका मुलाच्या बाबतीत जे घडतं ते त्याच्याच जाणिवेतून लिहिलेलं आहे, आणि ते मोठ्या माणसांनाही झोपू देत नाही. तिने स्वतः आणलं तर हिसकावू नका, तिच्यासोबत तुम्हीही वाचा.

तिचा राग हा खेळ भरवणाऱ्या कॅपिटल शहरावर असेल, तिथल्या राष्ट्राध्यक्ष स्नोवर असेल, तर तिला कदाचित माहीत नसेल की कॉलिन्स त्या जगात परत गेल्या आहेत. २०२०च्या पुस्तकात अठरा वर्षांचा स्नो आहे, २०२५च्या पुस्तकात कॅटनिसचा मार्गदर्शक हेमिच, तरुणपणीचा. स्नोचं पुस्तक संथ आहे, पण माणूस क्रूर होत जाताना स्वतःला काय काय समजावतो हे त्यात फार बारकाईने आलंय. '१९८४' मात्र यादीतून काढा, निदान दोन-तीन वर्षांसाठी. त्याचा नायक विन्स्टन ३९ वर्षांचा आहे, पायाच्या व्रणाने बेजार आहे, व्यवस्था सडलेली आहे हे त्याला पहिल्या पानापासून माहीत आहे. तुमच्या भाचीच्या पुस्तकांत नायिकेला ते नुकतंच कळतंय. ते नुकतंच कळणं हाच या वयाचा अनुभव आहे. ऑर्वेलच्या थकलेल्या माणसाशी तिची भेट पुढे होईल.

जंगलात एकटीने तग धरणं आवडलं असेल तर रॉबर्ट ओब्रायन यांचं 'झेड फॉर झकारिया'. अणुयुद्धानंतर एका दरीत एकटी उरलेली मुलगी, तिची डायरी, आणि एक दिवस लांबून येणारा अनोळखी माणूस. लेखकाच्या मृत्यूनंतर त्यांच्या पत्नीने आणि मुलीने त्यांच्या टिपणांवरून ते पुरं केलं. त्या माणसापासून मुलीला जो धोका निर्माण होतो तो उघडपणे येतो, म्हणून आधी तुम्ही वाचा.

कॅटनिसने कोणाला निवडावं, पीटाला की गेलला, याच्यावर ती तास-तास बोलत असेल, तर तेही तितक्याच मनापासून ऐका. ली बार्डुगोचं 'सिक्स ऑफ क्रोज' (२०१५) द्या. सहा जणांची टोळी, एक अशक्य चोरी, आणि एकमेकांना काही सांगू न शकणारी माणसं. इथे एक सावधगिरी. फॅन्टसीमधल्या प्रेमकथा सध्या खूप आहेत आणि मुखपृष्ठावरून वय कळत नाही. सारा जे. मास यांची 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' ही मालिका सुरुवातीला किशोरांच्या कपाटात विकली गेली, नंतर प्रकाशकांनीच ती प्रौढांसाठी म्हणून नव्या मुखपृष्ठांसह काढली. 'यंग अडल्ट' या एका पाटीखाली बारा वर्षांची मुलंही येतात आणि अठराचीही. या दोन टोकांत फार अंतर आहे.

आता तुमच्या लाडक्या अर्थसीकडे येते, कारण मलाही ते तिच्यापर्यंत पोहोचावं असं वाटतं. पण दार बदला. पहिल्या पुस्तकात गेड या जादूगाराची गोष्ट एखादी जुनी दंतकथा सांगावी तशी लांबून सांगितली आहे. त्याऐवजी तिला १९७१चं दुसरं पुस्तक द्या, 'द टूम्ब्स ऑफ अटुआन'. पहिलं वाचलेलं नसलं तरी अडत नाही. टेनार नावाच्या मुलीला लहानपणीच घरातून उचलून नेतात, कारण ती मोठ्या पुजारिणीचा पुनर्जन्म आहे असं ठरलेलं आहे. तिचं नाव काढून घेतात. यापुढे ती 'आर्हा', म्हणजे गिळून टाकलेली. जमिनीखालचा चक्रव्यूह तिच्या ताब्यात असतो, त्यातल्या सगळ्यात पवित्र भागात दिवा लावायला बंदी असते, भिंतींना हात लावून वाटा पाठ करायच्या. आणि कोवळ्या वयातच तिला कैद्यांच्या मरणाचा हुकूम द्यावा लागतो. त्यानंतर तिला पडणारी स्वप्नं वाचा आणि कॅटनिसची स्वप्नं आठवा.

कॉलिन्स यांनी सांगितलेलं आहे की त्यांच्या डोक्यात थिसियसची ग्रीक कथा होती. त्यात चक्रव्यूहातल्या राक्षसासाठी खंडणी म्हणून तरुण मुलंमुली पाठवावी लागतात. ल ग्विननी तोच चक्रव्यूह आत राहणाऱ्या मुलीच्या बाजूने लिहिला आहे, असं मला नेहमी वाटत आलंय. भाचीने 'हंगर गेम्स'मध्ये जे शोधलं ते तिला इथे सापडण्याची शक्यता तुमच्या बारा पुस्तकांतल्या कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त आहे. सुरुवातीला मात्र अंधार आहे आणि वेगही नाही, हे आधी सांगा. 'मध्याच्या जरा आधी अंधारात एक उजेड दिसतो, तिथपर्यंत जा, मग ठरव' एवढं सांगितलं की मुलं धीर धरतात.

एका वेळी दोनच पुस्तकं द्या, एकमेकांपासून अगदी वेगळी. म्हणजे निवड तिची होईल. 'वाचलंच पाहिजे' हे शब्द पुन्हा लिहू नका. आणि तुमची 'नॉर्दर्न लाइट्स'ची प्रत एखाद्या भेटीत सहज परत घेऊन या, 'मला पुन्हा वाचावंसं वाटतंय' म्हणून. मायेने दिलेली वस्तू अर्धी वाचून टेबलावर पडून राहिली की ती रोज टोचते, आणि तिने पुस्तकांचा विषय टाळण्याचं तेही एक कारण असू शकतं.

ताईंचा प्रश्न मी हलका समजत नाही, तुम्हीही समजू नका. त्या एकट्या नाहीत. अमेरिकेत ज्या पुस्तकांवर सर्वाधिक आक्षेप येतात त्यांची यादी तिथली ग्रंथालय संघटना दर वर्षी काढते. २०१० आणि २०११ या दोन्ही वर्षी 'हंगर गेम्स' तिच्यात होतं. 'द गिव्हर' शाळांतून काढा म्हणूनही अनेकदा मागण्या झाल्या. चौदा वर्षांच्या मुलीच्या आईला भीती वाटणं यात काही गैर नाही.

पण मृत्यू किती आहेत हे मोजण्यापेक्षा पुस्तक मृत्यूकडे कसं बघतं, हे बघायला हवं. कॉलिन्स यांना ही कल्पना सुचली ती रात्री टीव्हीची चॅनेलं बदलताना. एकीकडे स्पर्धेचा रिॲलिटी शो, दुसरीकडे इराक युद्धाची दृश्यं, आणि दोन्ही एकमेकांत मिसळू लागली. त्यांचे वडील व्हिएतनाम युद्धात होते. मुलं मारली जातात हे पाहायला लोक टीव्हीसमोर बसतात, त्या बघण्यावर या पुस्तकाचा संताप आहे. खेळासाठी चिठ्ठीत नाव जातं ते बारा ते अठरा वर्षांच्या मुलांचं, आणि ही पुस्तकं ज्यांच्यासाठी छापली जातात त्यांचंही वय तेच. मोठी माणसं आपल्या नावावर काय काय ठरवून टाकतात, ही भावना त्या वयातल्या प्रत्येक मुलाला ओळखीची असते.

ताईंना सगळं पुस्तक वाचायला सांगू नका. पहिल्या भागातलं फक्त अठरावं प्रकरण वाचायला द्या, बारा वर्षांच्या रूच्या मृत्यूचं. कॅटनिस तिला फुलांनी झाकते. तिला तसंच सोडून पुढे जाणं सोपं होतं, खेळाची तीच अपेक्षा होती. ते वाचून झाल्यावर ताईंना वाद घालावासा वाटला तर तुम्ही तिघी मिळून घाला. माझा अनुभव असा की आई आणि मुलगी एकाच पुस्तकावर भांडायला लागल्या की मुलगी गप्प राहत नाही.

आणि तिच्या गप्प असण्याबद्दल. त्याचा दोष पुस्तकांना देऊ नका, आणि पुस्तकं हा त्यावरचा उपाय आहे असंही समजू नका. या वयात मुलं थोडी आत वळतात. पण झोप बिघडली असेल, खाणं कमी झालं असेल, मैत्रिणी सुटल्या असतील, जे करायला आवडायचं तेही नकोसं झालं असेल, तर ताईंनी तिच्याशी सरळ बोलावं आणि डॉक्टरांचा किंवा समुपदेशकांचा सल्ला घ्यावा. पुस्तकांच्या निमित्ताने ती तुम्हाला जे सांगेल ते ताईंच्या कानावर घालू नका, तिच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तरच घाला. मावशीकडे बोललेलं मावशीकडेच राहतं हा भरवसा तिला हवा.

आज तिला एवढाच मेसेज करा: 'ती बारा पुस्तकांची यादी विसर, मी घाई केली. लायराला तू कुठल्या पानावर सोडलंस तेवढं सांग, पुढचं मी काही सांगणार नाही. आणि हंगर गेम्समध्ये कोण मरायला नको होतं?'

उत्तर यायला आठवडा लागला तरी पुन्हा विचारू नका. तोवर 'टूम्ब्स ऑफ अटुआन' कपाटातून काढून स्वतः परत वाचा. तुम्ही ते तिच्या वयाच्या असताना वाचलं असणार. टेनारने त्या कैद्यांचं काय केलं, हे तिने एखाद्या रात्री अचानक विचारलं तर तुम्हाला ते नीट आठवत असायला हवं.